दहा किलोच्या बाळात मोठ्या माणसाची किडनी: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी तयारीपासून घरी येईपर्यंत

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला किडनी बसवायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो, "एवढी छोटी किडनी आणणार कुठून?" छोटी किडनी शोधत बसत नाहीत. अगदी लहान दात्याच्या किडनीच्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि त्यांत गुठळी होऊन किडनी वाया जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून शक्यतो आईची, बाबांची किंवा आजीची, पूर्ण वाढलेली, दहा ते बारा सेंटिमीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची किडनी बाळाच्या पोटात बसवतात.

पुढचं सगळं या एका विजोड मापातून निघतं. १० किलोच्या मुलाच्या अंगात एकूण रक्त साधारण ८०० मिली. मोठी किडनी जोडून क्लॅम्प (रक्तवाहिनी तात्पुरती बंद ठेवणारा चिमटा) सोडला की त्यातलं २०० ते ३०० मिली ती लगेच ओढून घेते. शिवाय मोठ्या माणसाच्या शरीरात तिला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त मिळत होतं, आणि इथे बाळाचं हृदय मिनिटाला एकूण दीड-दोन लिटरच फेकतं. म्हणजे एका अवयवालाच तिसरा हिस्सा हवा. वजनाची अट का, ऑपरेशननंतर नाकात नळी घालून पाणी का पाजतात, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कचरा किती उपसते ते सांगणारा आकडा) "नॉर्मल" असूनही डॉक्टर का चिडतात, हे सारं या हिशेबात आहे.

आधी किडनी का गेली ते पक्कं करा

पाच वर्षांखालच्या मुलांत मधुमेह-रक्तदाबाची कारणं नसतात. बहुतेकांत किडनी किंवा मूत्रमार्गाची घडणच जन्मतः चुकलेली असते. किडनी नीट न वाढणं, लघवी मूत्राशयातून उलटी वर चढणं, किंवा मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात पडदा असणं, ज्याला दवाखान्यात पीयूव्ही म्हणतात. त्याखालोखाल जन्मजात नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रथिनं गळणं, आणि गाठींच्या किडनीचे आनुवंशिक आजार.

कारण कळल्याशिवाय तारीख ठरवू नये. पीयूव्हीच्या मुलाचं मूत्राशय अनेकदा जाड, ताठर आणि जास्त दाबाचं असतं. आईची चांगली किडनी तशा मूत्राशयाला जोडली, तर ज्या दाबानं पहिल्या किडन्या गेल्या तोच दाब तिलाही खातो. म्हणून आधी एमसीयू (मूत्राशयात रंगद्रव्य भरून काढलेला एक्स-रे) आणि युरोडायनॅमिक (मूत्राशयाचा दाब मोजणारी) तपासणी होते, आणि गरज असेल तर दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामं करायची सवय प्रत्यारोपणाआधीच लावतात.

जन्मजात नेफ्रॉटिकमध्ये अडचण वेगळी. प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात, त्यांत रक्त गोठू न देणारी प्रथिनंही जातात, आणि रक्त गुठळीकडे झुकतं. अशा मुलांच्या मूळ किडन्या अनेकदा आधी काढाव्या लागतात. प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया या आनुवंशिक आजारात दोष यकृतात असतो, ते ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त बनवतं. नुसती किडनी बसवली तर ऑक्झलेट तिच्यातही साठतं, त्यामुळे यकृताचा विचार सोबत करावा लागतो. जनुकीय तपासणीचा खर्च टाळावासा वाटतो, पण इथे ती टाळू नये. त्याच अहवालावरून आई-बाबांपैकी कोण दाता होऊ शकतो, हेही कळतं.

वजन: महिने खाणारी पायरी

बहुतेक केंद्रं साधारण १० किलो वजन होईपर्यंत थांबतात. अनुभवी केंद्रं त्याहून कमी वजनातही करतात, पण धोका वाढतो. किडनी निकामी असलेलं बाळ भूक मारून बसतं, वारंवार उलट्या करतं, त्यामुळे "खाईल तेव्हा वाढेल" यावर विसंबलं तर वर्ष जातं. नाकातली नळी किंवा पोटावरून थेट जठरात बसवलेली नळी लवकर स्वीकारलेली बरी. नळी म्हणजे आपण हरलो, असं आजी-आजोबांना वाटतं. खरं तर प्रत्यारोपणानंतरही तीच उपयोगी पडणार असते.

उष्मांक तूप आणि तेलातून वाढवा. भाताच्या पेजेत तूप घातलं तर पाणी न वाढवता ताकद वाढते. शहाळ्याचं पाणी मात्र बंद. "लहान मुलाला शहाळ्यासारखं काही नाही" हे एरवी खरं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. डाळ, केळं, दूध किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. घडणीचा दोष असलेल्या काही मुलांना लघवी खूप होते आणि मीठ वाहून जातं. त्यांचं मीठ तोडायचं नसतं, उलट वरून द्यावं लागतं. शेजारच्या काकांचा किडनीच्या पथ्याचा कागद बाळाला लावू नका.

हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनची (रक्त तयार करायला लावणाऱ्या संप्रेरकाची) इंजेक्शनं आणि लोह द्यावं, रक्त चढवणं शक्य तितकं टाळावं. बाहेरच्या रक्तामुळे अंगात अशी प्रतिपिंडं तयार होतात की पुढे दाता जुळणं अवघड होतं. चढवावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा.

तोवर डायलिसिस

इतक्या लहान वयात शक्यतो पोटाचं डायलिसिस, म्हणजे नळीनं पोटात द्रव भरून काही वेळानं कचऱ्यासह बाहेर काढायचा, कारण बारीक शिरांत मोठी सुई किंवा मानेत महिनोन् महिने नळी परवडत नाही. आणि त्याच मोठ्या शिरा प्रत्यारोपणासाठी शाबूत ठेवायच्या असतात. मांडीच्या शिरेत वारंवार नळी घातल्यामुळे पुढे पोटातली मोठी शीर बंद पडलेली सापडते, आणि ते ऐन ऑपरेशनच्या तयारीत कळतं. म्हणून तपासण्यांच्या यादीत पोटातल्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) किंवा स्कॅन असायलाच हवा.

पोटातली ही नळी, म्हणजे कॅथेटर, बसवल्यावर शक्य असेल तर दोन आठवडे त्याला विश्रांती देतात, नाहीतर कडेनं गळती होते. घरी करायचं ते नेमकं असं: खिडक्या आणि पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, साबणानं हात धुऊन पुसायला स्वच्छ कोरडा रुमाल, आणि त्या वेळी खोलीत तिसरं कोणी नाही. वन-बीएचकेत पिशव्यांच्या खोक्यांची जागा आधी ठरवा, ती ओल्या भिंतीला लागून नको. बाहेर आलेलं पाणी दर वेळी तपासा. पिशवीखाली छापील कागद ठेवला तर अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. धूसर दिसली तर ती पिशवी न फेकता सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. ताप येण्याची वाट पाहू नका.

लसी: हा दरवाजा नंतर बंद होतो

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की गोवर-रुबेला आणि कांजण्यांसारख्या जिवंत लसी सहसा देत नाहीत. त्या प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी संपवायच्या. सरकारी वेळापत्रकात कांजण्यांची लस नाही, ती विकत घ्यावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. हिपॅटायटिस बीची लस टोचली एवढ्यावर थांबू नका. प्रतिपिंडांची पातळी तपासून १०च्या खाली असेल तर डोस पुन्हा. न्यूमोकोकल आणि दरवर्षीची फ्लूची लस घरातल्या मोठ्यांच्या फ्लूच्या लसीसोबत उरकून टाका.

प्रत्यारोपणानंतरची एक बारीक गोष्ट: पल्स पोलिओच्या रविवारी घरातल्या दुसऱ्या लहान भावंडाला तोंडावाटे थेंब द्यायचे का, हे आधी डॉक्टरांना विचारा. थेंबातला जिवंत विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. भावंडाला इंजेक्शनची पोलिओ लस देणं सुरक्षित. बूथवरच्या ताईंना कारण शांतपणे सांगितलं की त्या समजून घेतात.

दाता कोण?

१९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ची दुरुस्ती यांनुसार आई, बाबा, सज्ञान भाऊ-बहीण आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा हे जवळचे नातेवाईक. आपल्याकडे मामा सगळ्यात आधी पुढे येतो, पण कायद्याच्या लेखी मामा, काका, आत्या, मावशी त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते, आणि तेवढे आठवडे हाताशी धरावे लागतात.

दात्याचा रक्तगट, एचएलए (पेशींची जुळणी), क्रॉसमॅच (बाळाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का), रक्तदाब, साखर, चोवीस तासांची लघवी, डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते) आणि रक्तवाहिन्यांचा सीटी होतो. बहुतेकदा डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी पडते.

आता घरात कोणी न बोलणारा प्रश्न. बहुतेक वेळा आईच दाता ठरते, कारण "बाबांना कामावर जायचंय". पण दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तरी दात्यानं चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि दहा किलोचं मूल जडच. बाळाला कडेवर घ्यायला, औषध पाजायला, रात्री नळीची पिशवी बदलायला दुसरं प्रशिक्षित माणूस हवं. आई दाता असेल तर बाबांनी आधीच सगळं शिकून घ्यायला हवं आणि महिन्या-दीड महिन्याची रजा मांडायला हवी. आजी निरोगी असेल तर तिचा विचार आधी करण्यातही अर्थ आहे. जिवंत दात्याची किडनी सरासरी पंधरा-वीस वर्षं चालते, म्हणजे या मुलाला ऐन तारुण्यात दुसरी लागण्याची शक्यता आहे, आणि आई-बाबांची किडनी त्या वेळेसाठी राहते.

घरात कोणीच जुळत नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे नोंदणी होते. ती रुग्णालयामार्फतच. ठाणे आणि नवी मुंबई याच विभागात येतात.

कागद आणि पैसा

तारीख पुढे जाण्याचं कारण अनेकदा वैद्यकीय नसतंच. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच चढवलेलं नसतं, किंवा आईचं आधारवरचं नाव माहेरचं आणि रेशनकार्डावरचं सासरचं. तपासण्या सुरू होतील त्याच आठवड्यात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन दाखला दुरुस्त करून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे. २०२३च्या शासन निर्णयानं त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा, मंजुरी आधी लागते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो. ऑपरेशनच्या रकमेवर सगळी ताकद खर्च करू नका. औषधं आणि दर महिन्याच्या तपासण्या कायमच्या आहेत.

केंद्र निवडताना आकडा विचारा: "पंधरा किलोखालच्या मुलांची वर्षात किती करता?" मोठ्यांची शंभर करणारं रुग्णालय या कामाला योग्य असेलच असं नाही. बालभूलतज्ज्ञ, बालकांचा अतिदक्षता विभाग, रात्री दोन वाजता डॉपलर करणारं माणूस आणि टॅक्रोलिमसचा (शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाच्या रक्तातल्या पातळीचा) अहवाल त्याच दिवशी देणारी लॅब, हे चार हवेतच. म्हणूनच ठाण्या-पनवेलची बरीच कुटुंबं बालकिडनीतज्ज्ञांसाठी परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी जातात.

ऑपरेशनच्या दिवशी आत काय चालतं

मोठ्या मुलांत किडनी ओटीपोटाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. बाळाच्या त्या वाहिन्या फार बारीक, म्हणून इथे थेट महाधमनीला आणि पोटातल्या मोठ्या शिरेला जोडतात, बहुधा उजव्या बाजूला. क्लॅम्प सोडण्याआधी बाळाला रक्त आणि द्रव देऊन मुद्दाम "भरलेलं" ठेवतात आणि रक्तदाब त्याच्या वयाच्या मानानं वर चढवतात. ही तयारी कमी पडली तर क्लॅम्प सुटताच दाब कोसळतो, किडनी फिकी पडते आणि गुठळीला वाट मिळते. लहान मुलांत सुरुवातीलाच किडनी गमावण्याचं मोठं कारण म्हणजे हीच गुठळी.

बाळ बाहेर येतं ते सुजलेलं, कधी व्हेंटिलेटरवर, रक्तदाब वाढवणारं औषध चालू असलेलं. नातेवाईक घाबरतात. पण तो वरचा दाब मोठ्या किडनीला रक्त मिळावं म्हणून ठेवलेला असतो. जागा फारच अपुरी पडली तर पोट लगेच पूर्ण शिवत नाहीत, दाबून शिवलं तर किडनीच चेपते. काही दिवसांनी बंद करतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी धो-धो होते. जेवढी बाहेर, तेवढं सलाईन आत, तासातासाला मोजून. रोज डॉपलर. लघवी अचानक थांबली तर आधी नळी तुंबली का ते पाहतात, आणि लगेच डॉपलर. या पहिल्या दिवसांत गुठळीतून किडनी वाचवायला मिळणारा वेळ तासांचा नाही, मिनिटांचा असतो.

घरी: पाणी आधी, मग बाकीचं

किमान पहिले सहा महिने बाळाला रोज शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला अडीच लिटरच्या आसपास द्रव देण्याची पद्धत आहे. १० किलोच्या मुलाला ते दूध धरून दिवसाला ११०० ते १२०० मिली होतं. दोन वर्षांचं कोणतंही मूल स्वतःहून एवढं पीत नाही. म्हणून उरलेलं रात्री नळीनं, पंपावर हळूहळू. नुसतं साधं पाणी ओतू नका, सोडियम उतरून झटके येऊ शकतात. दूध, फॉर्म्युला आणि पाणी यांचं प्रमाण डिस्चार्जच्या कागदावर मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, "भरपूर पाजा" असं नको.

शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून औषधं साधारण तीन: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. सोबत काही महिने जंतुसंसर्ग टाळणारी को-ट्रायमोक्साझोल आणि व्हॅलगॅन्सिक्लोविर. लहान मुलांचं यकृत टॅक्रोलिमस झपाट्यानं संपवतं, त्यामुळे किलोमागे डोस बाबांच्या वयाच्या रुग्णापेक्षा जास्त दिसला तर ती चूक नाही. डोस बारा तासांनी, दर वेळी पोटाच्या एकसारख्याच स्थितीत, आणि एकाच कंपनीचा. दुकानदारानं "तेच आहे, स्वस्त आहे" म्हणून ब्रँड बदलला तर घेऊ नका.

टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं. इथे आपलं अंतर आडवं येतं. घोडबंदर किंवा खारघरहून परळला सकाळी आठला पोचायचं म्हणजे बाळाला गर्दीच्या लोकलमध्ये न्यायचं. त्यापेक्षा डोसची वेळ पहिल्यापासूनच सकाळी दहा आणि रात्री दहा बांधून घ्या. जवळच्या लॅबमध्ये देणार असाल तर जांभळ्या टोपणाची बाटली, आणि दर वेळी तीच लॅब. बाळाला चुकून आधीच डोस दिला असेल तर तसं सांगा. खोटी वाढलेली पातळी पाहून डोस कमी केला जातो आणि मग किडनी नाकारली जाते.

पातळी बिघडवणाऱ्या गोष्टी ओळखून ठेवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल आणि कोकणातून येणारं पपनस ती वाढवतात, तर रिफॅम्पिसिन आणि फेनिटॉइन उतरवतात. जुलाब झाले की पातळी कमी होईल असं वाटतं, होतं उलट. त्यात पाणीही तुटलेलं, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. तापाला पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन कधीच नाही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या मिश्र सिरपमधलंही नाही.

क्रिएटिनिनचा अहवाल कसा वाचायचा

मोठी किडनी लहान शरीरातला थोडासा कचरा सहज उपसते, म्हणून या मुलांचं क्रिएटिनिन ०.२ किंवा ०.३ इतकं उतरतं. लॅबचा कागद मोठ्यांच्या मापानं छापलेला. ०.३चं ०.५ झालं तरी त्यावर लाल खूण येत नाही, आणि आई निश्चिंत होते. प्रत्यक्षात किडनीचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असू शकतं. फ्रीजवर कागद चिकटवून प्रत्येक आकडा तारखेसह लिहा आणि मागच्या आकड्याशी तुलना करा, छापील मर्यादेशी नाही. आकडा वाढला तर आधी पाणी, मग टॅक्रोलिमसची पातळी, मग सोनोग्राफी, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर बायोप्सी (सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं), असा साधारण क्रम असतो.

रक्तदाब घरी मोजताना पट्टा बाळाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा पट्टा दाब कमी दाखवतो.

दात्याच्या किडनीतून ईबीव्ही आणि सीएमव्ही हे विषाणू येऊ शकतात, आणि लहान मुलानं ते आधी पाहिलेले नसतात. म्हणून त्यांच्या पीसीआर तपासण्या (रक्तात विषाणू आहे का ते पाहणाऱ्या) ठरलेल्या महिन्यांना होतात. मानेत गाठी, वाढलेले टॉन्सिल, रात्री घोरणं सुरू झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. मूत्रनलिका उघडी राहावी म्हणून आत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, चार ते सहा आठवड्यांत काढायची असते. काढायची तारीख डिस्चार्जच्याच दिवशी ठरवून घ्या, विसरलेला स्टेंट जंतुसंसर्गाचं घर होतो.

आपल्या भागाचा पावसाळा

जून ते ऑक्टोबर पाणी उकळूनच, टाकी कितीही स्वच्छ असली तरी. तुंबलेल्या पाण्यातून बाळाला नेऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका आहे. गच्चीतल्या कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका, ती ओली करून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना काढा. समोर इमारतीचं खोदकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद. घरात कोणाला कांजण्या झाल्या किंवा बाळ कांजण्यांच्या मुलाशेजारी बसलं तर त्याच दिवशी फोन करा, प्रतिबंधाचं इंजेक्शन पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं.

लोकल बंद पडण्याचे दिवस धरून औषधांचा किमान पंधरा दिवसांचा साठा कायम ठेवा. ३८ अंशांहून जास्त ताप, दोन डोस उलटून पडणं, जुलाब, लघवी कमी होणं किंवा किडनीच्या जागी दुखणं यांपैकी काहीही झालं की दुसऱ्या सकाळची वाट न पाहता निघायचं. उलवे-पनवेलहून रात्री परळ गाठायला अटल सेतूनं शिवडीला उतरणं सोपं पडतं, पण त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, तेव्हा गाडी कोणाची ते आधी ठरवून ठेवा. १०८ची रुग्णवाहिका जवळच्या रुग्णालयात नेऊ शकते. तिथल्या डॉक्टरांसाठी बाळाच्या पिशवीत एक कागद कायम असू द्या: प्रत्यारोपणाची तारीख, किडनी पोटात उजवीकडे आहे, चालू औषधं आणि डोस, शेवटचं क्रिएटिनिन, आयबुप्रोफेन देऊ नये, सलाईन रोखू नये, आणि आपल्या केंद्राचा रात्रीचा नंबर.